जमिनीखालचं निसर्गचित्र

हे चित्र फोनवर उघडणार असाल तर आधी ब्राइटनेस पूर्ण वाढवा. नाहीतर एका काळपट तपकिरी आयताखेरीज काही दिसणार नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या साइटवर त्याची मोठी फाइल मोफत ठेवलेली आहे. नाव लांबलचक आहे, ‘डान्स इन अ सबटेरेनियन राउंडहाउस ॲट क्लिअर लेक, कॅलिफोर्निया’. साल १८७८. तैलरंग, कॅनव्हास चार फूट उंच आणि सहा फूट रुंद.

सिनेमा सुरू झाल्यावर थिएटरात शिरलं की सीटचा नंबर दिसायला वेळ लागतो, तसं इथं होतं. आधी नाचणारे दोन पुरुष दिसतात. मग छताला आधार देणारी लाकडं, वरून झिरपणारा उजेड, आणि मग हळूहळू कडेनं बसलेली माणसं. दहा, वीस, पन्नास. मोजत बसलात तर शंभराच्या जवळ जाल. आपण एका अर्धवट जमिनीत खोदलेल्या, वरून मातीनं झाकलेल्या गोल घरात आहोत. घर एलेम पोमो लोकांचं. कॅलिफोर्नियातल्या क्लिअर लेक या तळ्याच्या काठी हजारो वर्षं राहत आलेला हा समाज. चित्रातल्या नृत्याचं त्यांच्या भाषेतलं नाव साधारण ‘लोकांचं नृत्य’ अशा अर्थाचं आहे. हे गोल घर नुसतं सभागृह नव्हे. समाजाचे विधी जिथं होतात ती पवित्र जागा.

चित्रकाराचं नाव ज्यूल्स टॅव्हर्नियर. (शिवकाळाची आवड असलेल्यांना या आडनावानं गोवळकोंड्याच्या हिऱ्यांमागे हिंडणारा सतराव्या शतकातला फ्रेंच व्यापारी आठवेल. तो ज्याँ-बाप्तिस्त. हा त्याच्यानंतर दोनशे वर्षांनी झाला, आणि याच्या हातात हिरे सोडाच, चार पैसेही कधी टिकले नाहीत.) पॅरिसमध्ये १८४४ साली जन्म, फेलिक्स-जोसेफ बारियास या चित्रकाराकडे शिक्षण, सलाँच्या प्रदर्शनांत चित्रं, १८७०-७१च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात सैनिक, युद्धानंतर लंडनमार्गे न्यूयॉर्क. १८७४मध्ये सॅन फ्रान्सिस्को, मग माँटेरे, १८८४च्या शेवटी हवाई, आणि मे १८८९मध्ये होनोलुलूत मृत्यू. वय पंचेचाळीस. अमेरिकन कलेच्या इतिहासात त्याची ओळख मुख्यतः निसर्गचित्रकार अशी आहे.

माझं म्हणणं असं की त्याचं सगळ्यात चांगलं निसर्गचित्र हेच आहे. ज्यात आभाळ नाही, झाड नाही, आणि ज्या तळ्याचं नाव शीर्षकात आहे ते तळंही नाही.

हे म्हणणं विचित्र वाटेल, म्हणून आधी त्या काळातलं अमेरिकन निसर्गचित्र कसं असायचं ते बघू. आल्बर्ट बिअरश्टाट हा त्या बाजाराचा मोठा खेळाडू. त्याचं ‘अमंग द सिएरा नेवाडा, कॅलिफोर्निया’ हे १८६८चं चित्र आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये आहे. काचेसारखं पाणी, पाण्यावर आलेली हरणं, बदकं, आणि मागे ढगांतून घुसलेली शिखरं. बघताना छाती दडपते, खोटं कशाला बोला. पण हे चित्र त्यानं रोममधल्या स्टुडिओत रंगवलं आणि आधी युरोपातच दाखवलं. त्यात एकही माणूस नाही. कॅलिफोर्निया म्हणजे मालक नसलेली, कुणाची तरी वाट बघत पडलेली सुंदर जागा, असं ते चित्र शब्दही न वापरता सांगतं. रिअल इस्टेटच्या जाहिरातींमध्ये टॉवरभोवती जी हिरवळ दाखवतात आणि शेजारची वस्ती पुसून टाकतात, तिचीच ही आजी.

टॅव्हर्नियरला माणसं पुसणं जमलं नाही. निदान १८७८पर्यंत तरी नाही. आणि त्याचं कारण त्याच्या मनाच्या मोठेपणात शोधण्यापेक्षा त्यानं आधी केलेल्या नोकरीत शोधावं असं मला वाटतं.

त्याच्याबद्दल जे काही लिहिलं जातं त्यात नोकरी हा शब्द क्वचित येतो. येतो तो ‘बोहेमियन’. सॅन फ्रान्सिस्कोच्या बोहेमियन क्लबचा तो सभासद होताच. मग दारू, कर्ज, भांडणं, अर्धवट सोडलेल्या ऑर्डरी, मित्रांच्या जिवावर काढलेले दिवस. २०१४ साली सॅक्रामेंटोच्या क्रॉकर म्युझियमनं त्याचं मोठं प्रदर्शन भरवलं, त्याच्या नावातही ‘आर्टिस्ट अँड ॲडव्हेंचरर’ आहे. आपल्याकडेही कलावंत म्हटला की त्याची व्यसनं आणि उधारी चवीनं सांगायची पद्धत आहे, त्यामुळे हा साचा ओळखीचा वाटतो. या साच्याचा तोटा एवढाच की चित्रं स्वभावातून उगवल्यासारखी वाटायला लागतात. पैसे कुणी दिले, कशासाठी दिले, कोणत्या मुदतीत काम मागितलं, हे मागे पडतं.

तर नोकरी. १८७३मध्ये ‘हार्पर्स वीकली’ या न्यूयॉर्कच्या सचित्र साप्ताहिकानं टॅव्हर्नियर आणि पॉल फ्रेंझेनी या दोन फ्रेंच माणसांना एक काम दिलं : अमेरिका या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरा आणि चित्रं पाठवा. आरपार रेल्वे होऊन तेव्हा चारच वर्षं झाली होती. वाचकांना पश्चिमेकडचं सगळं हवं होतं. स्थलांतरितांचे डबे, खाणकामगार, जनावरांचे कळप, मूळनिवासींच्या छावण्या.

वर्तमानपत्रात फोटो छापण्याचं तंत्र तेव्हा रुळलेलं नव्हतं. चित्रकार लाकडाच्या ठोकळ्यावर चित्र काढायचा, तेही उलटं, म्हणजे छापल्यावर सुलटं येईल. मोठं चित्र असेल तर ठोकळा अनेक तुकडे मागून बोल्टनं जोडून केलेला असे. कचेरीत बोल्ट काढून तुकडे सुटे करायचे, एकेक तुकडा एकेका कोरणाऱ्याला द्यायचा, रात्रभरात कोरून झाला की पुन्हा जोडायचा आणि जोडावरच्या रेषा एका मुख्य कारागिरानं जुळवून घ्यायच्या. हे वाचताना मला हसू आलं, कारण आमचं ऑफिस रोज हेच करतं; जोडावरच्या रेषा जुळवणारा माणूस तिथंही सगळ्यात दमलेला असतो. टॅव्हर्नियर आणि फ्रेंझेनी जोडीनं सही करत. कुठली रेष कुणाची हे विचारण्यात अर्थ नाही, आणि त्या दोघांना त्याचं फार काही वाटत असावं असंही दिसत नाही.

या मालिकेतलं एक चित्र नक्की शोधा : ‘स्लॉटर्ड फॉर द हाइड’, १२ डिसेंबर १८७४च्या अंकाचं मुखपृष्ठ. मेलेल्या बायसनचं कातडं सोलणारा शिकारी. बाकी जनावर तिथंच सडायला टाकायचं. ते कातडं पूर्वेकडच्या कारखान्यांत यंत्रांचे पट्टे बनवायला जात होतं. चित्रात हळहळ नाही, आरडाओरडा नाही. एक माणूस त्याचं रोजचं काम करतोय, बस. मला ते त्याच्या नंतरच्या अनेक तैलचित्रांपेक्षा जास्त थंड आणि म्हणून जास्त खरं वाटतं. १८७४मध्येच नेब्रास्कातल्या रेड क्लाउड एजन्सीत जाऊन त्यानं लकोटा लोकांचं सूर्यनृत्यही पाहिलं.

या एका वर्षानं त्याच्या हाताला एक वळण लावलं. जागा दाखवायची म्हणजे तिथं कोण काय करतंय ते दाखवायचं. साप्ताहिकाला रिकामं डोंगर-पाणी नको होतं; प्रत्येक चौकोनात बातमी हवी होती. बिअरश्टाट जिथून माणसं काढून टाकत होता, तिथं टॅव्हर्नियरला माणसं भरण्याचे पैसे मिळत होते.

माँटेरेबद्दल फार थांबत नाही. तिथं तो राहिला, त्याच्याभोवती चित्रकार जमले, पुढे ती प्रसिद्ध कलावंतांची वसाहत झाली. तिथली संध्याकाळची चित्रं, समुद्राच्या वाऱ्यानं वाकलेली झाडं, धुकं, सुरेख आहेत. फ्रान्समध्ये बार्बिझोंच्या रानात जे रंगवलं जात होतं त्याचीच बोली, फक्त झाडं बदललेली. भिंतीवर लावायला मी आनंदानं घेईन. त्यावर लिहायला मात्र माझ्याजवळ फार काही नाही.

आता १८७६. टिबुर्सिओ पॅरट हा सॅन फ्रान्सिस्कोचा धनाढ्य बँकर. त्याच्याकडे पॅरिसहून पाहुणा आला, तिशीतला बॅरन एडमंड द रॉथ्सचाइल्ड. धंद्यातला भागीदारच तो. पॅरटनं त्याला क्लिअर लेकला नेलं, एलेम पोमोंचं नृत्य दाखवलं, सोबत टॅव्हर्नियरला घेतलं आणि या प्रसंगाचं चित्र काढायला सांगितलं. बॅरनसाठी भेट. टॅव्हर्नियरनं त्यावर दोन वर्षं काढली. कर्जबाजारी, बेभरवशाचा म्हणून ज्याची ख्याती, त्या माणसानं एका चित्राला दोन वर्षं दिली हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

पण पॅरट पाहुण्याला नेमकं तिथंच का घेऊन गेला? सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास बघण्यासारखं काय कमी होतं? तर एलेम गावाच्या अगदी शेजारी, त्यांच्याच पूर्वापार जमिनीवर, पॅरटची पाऱ्याची खाण होती. सल्फर बँक क्विकसिल्व्हर मायनिंग कंपनी. पॅरट तिचा अध्यक्ष.

पारा कशाला लागतो? सोन्यासाठी. सोन्याचे बारीक कण पाण्यात, वाळूत सुटून जातात; पारा त्यांना धरून ठेवतो. मग ते मिश्रण तापवायचं, पारा वाफ होऊन निघून जातो, सोनं उरतं. कॅलिफोर्नियाचं सोनं आणि शेजारच्या नेवाडाची चांदी हे दोन्ही पाऱ्याशिवाय एवढ्या प्रमाणात निघालंच नसतं. आणि पारा मिळतो हिंगुळातून. तोच हिंगूळ, ज्याचा लाल रंग चित्रकार शतकानुशतकं वापरत आले. भट्टीत भाजला की पाऱ्याची वाफ निघते, ती थंड करून गोळा करायची. जी गोळा होत नाही ती हवेत, मातीत, पाण्यात. रॉथ्सचाइल्ड घराण्याला हा धंदा नवा नव्हता. स्पेनमधल्या अल्माडेनच्या जगप्रसिद्ध खाणीतल्या पाऱ्याच्या विक्रीवर १८३०च्या दशकापासून त्यांची पकड होती. तेव्हा बॅरनचं क्लिअर लेकला येणं हे निव्वळ पर्यटन समजायचं की नाही, ते तुम्हीच ठरवा.

खाणीच्या आतली गोष्टही सांगितली पाहिजे. सल्फर बँकची जमीन खालून तापलेली आहे. खणताना गरम पाणी आणि गुदमरवणारे वायू बाहेर येत. अशा ठिकाणी कामाला होते चिनी मजूर. १८७९च्या कॅलिफोर्नियाच्या नव्या राज्यघटनेनं कंपन्यांना चिनी माणसं कामावर ठेवायला बंदी केली, १८८०मध्ये त्याचा कायदा झाला, आणि पॅरटला अटक झाली. त्यानं फेडरल न्यायालयात दाद मागितली आणि तो जिंकला. न्यायालयानं बंदी घटनाबाह्य आणि चीनशी झालेल्या तहाच्या विरुद्ध ठरवली. कायद्याच्या पुस्तकांत हा खटला आजही त्याच्या नावानं आहे आणि चिनी मजुरांच्या हक्कांच्या इतिहासात तो मोलाचा मानला जातो. माणसाला कुठल्या खात्यात टाकावं हा प्रश्न पॅरट सहजासहजी सुटू देत नाही. चिनी माणसाला काम करण्याचा हक्क मिळाला, आणि तो ज्या खाणीत मिळाला ती पोमोंच्या जमिनीवर होती.

आणि पोमो? मे १८५०मध्ये, म्हणजे टॅव्हर्नियर तिथं पोचण्याच्या सव्वीस वर्षं आधी, याच तळ्यात अमेरिकन सैन्यानं पोमोंची कत्तल केली. मेलेल्यांचे आकडे साठपासून दोनशेच्या पुढेपर्यंत सांगितले जातात. ज्या बेटावर ती झाली त्याला पुढे ‘ब्लडी आयलंड’ हे नाव पडलं. एक सहा वर्षांची मुलगी पाण्याखाली लपली आणि लव्हाळ्याच्या पोकळ काडीतून श्वास घेत वाचली. पुढे ती लूसी मूर या नावानं ओळखली गेली. चित्रातल्या माणसांकडे पुन्हा बघा. त्यातल्या तिशीच्या पुढच्या प्रत्येकाला १८५० आठवत असणार. हे नृत्य म्हणजे लोप पावत चाललेल्या जमातीचं शेवटचं दर्शन वगैरे नव्हतं, जसं त्या काळच्या गोऱ्या वाचकांना ते वाटायला आवडलं असतं. मारून संपवायचा प्रयत्न झाल्यावरही शंभर जण एका छताखाली जमले आहेत, आणि बाहेर भट्टी चालू आहे.

आता चित्रातले पाहुणे शोधा. पॅरट आणि रॉथ्सचाइल्ड दोघंही यात आहेत, गर्दीत, सावलीत. झूम करावं लागतं. देवळातल्या पंख्याच्या पात्यावर देणगीदाराचं नाव असतं ना, तशी ही जागा आहे. ज्यानं पैसे दिले त्याला चित्रात बसवण्याची रीत युरोपात जुनीच. फरक एवढाच की पंख्यावरचं नाव ठळक असतं. इथं पैसे देणारे अंधारात आहेत आणि उजेड नाचणाऱ्यांच्या अंगावर पडतो आहे.

मेटच्या मजकुराचा सूर असा आहे की हे चित्र एलेम संस्कृतीचा जिवंतपणा दाखवतं आणि गोऱ्या वसाहतवाल्यांपासून तिला असलेला धोकाही उघड करतं. पहिला भाग मला मान्य आहे. दुसरा नाही. उघड करायला आधी तसा हेतू लागतो, निदान हिंमत. टॅव्हर्नियर खाणमालकाच्या खर्चानं गेला, खाणमालकाच्या ऑर्डरीवर रंगवलं, आणि खाण चित्रात आणली नाही. कॅनव्हासवर ती कुठंच नाही, तिचा धूरही नाही. त्याला बंडखोर ठरवणं ही आपली आजची सोय आहे. आपल्याला आवडलेलं चित्र काढणारा माणूस आपल्याच बाजूचा असावा असं वाटतं, एवढंच.

तरीही हे चित्र मालकाला हवं होतं त्यापेक्षा जास्त सांगतं, आणि ते साप्ताहिकातल्या सवयीमुळे. खोलीत कोण कोण होतं याची त्यानं हजेरी घेतली. नाचणारे, बघणारे, पोरं, पाहुणे. पाहुणे पाहुण्यांच्या जागी. बिअरश्टाटचा डोळा आभाळातून उतरतो. इथं डोळा माणसांच्या उंचीवर आहे, त्यांच्याच छताखाली, जणू आपणही आत शिरून कुठंतरी जागा करून उभे आहोत. आणि छत मातीचं आहे. म्हणूनच मी याला निसर्गचित्र म्हणतो. भूमी इथं दुरून बघायची वस्तू राहिलेली नाही. लोक तिच्या आत बसले आहेत, तिनं त्यांना अंगावर घेतलं आहे. क्लिअर लेकच्या त्याच मातीत तेव्हा दोन खड्डे होते. एकात माणसं नाचत होती, दुसऱ्यातून पारा निघत होता. टॅव्हर्नियरनं पहिला रंगवला, दुसऱ्यानं त्याचे पैसे दिले.

हे चित्र पॅरिसला गेलं आणि मेटनं २०१६मध्ये विकत घेतलं. मी ते पाहिलं २०२२च्या सुरुवातीला, सॅन फ्रान्सिस्कोच्या डी यंग संग्रहालयात. त्याआधी २०२१मध्ये न्यूयॉर्कला भरलेलं प्रदर्शन तिथं आलं होतं. मी सॅन होजेला राहतो. माझ्या घरापासून गाडीनं थोडं गेलं की न्यू अल्माडेन लागतं. हीसुद्धा पाऱ्याची खाण, अमेरिकेतली सगळ्यात जास्त उत्पादन देणारी, नाव त्या स्पेनच्या अल्माडेनवरून. आता तिथं बाग आणि ट्रेकिंगच्या वाटा आहेत. आमचा शनिवारचा मराठी ग्रुप तिथं जातो, थालीपिठांचे डबे नेतो. तळ्याकाठी फलक आहेत : इथले मासे खाऊ नका, पारा आहे. आम्ही त्या फलकापुढे सेल्फीही काढलेत. डी यंगमध्ये त्या काळ्या चित्रापुढे उभं राहिल्यावर मला पहिल्यांदा त्या फलकाचा मजकूर नीट आठवला.

हवाईचा भाग मात्र मला त्रास देतो. लोकप्रिय टॅव्हर्नियर हाच आहे, किलाउएआ ज्वालामुखीचा. गूगलवर त्याचं नाव टाकलंत तर लाल-केशरी चौकोनांची रांग येते. १८८४च्या डिसेंबरात तो गेला तेव्हा हवाई अमेरिकेत नव्हतं. राजा कालाकौआचं स्वतंत्र राज्य होतं. ते उलथलं १८९३ला आणि अमेरिकेनं गिळलं १८९८ला. (तेव्हा ‘अमेरिकन चित्रकार’ टॅव्हर्नियरची सगळ्यात प्रसिद्ध चित्रं परदेशातली आहेत. होनोलुलूत गाडलेला हा फ्रेंच माणूस नंतर मागाहून अमेरिकन झाला.) ज्वालामुखी बघायला प्रवासी येत होते आणि रंगीत फोटो नव्हता. जो कुणी तो लाल उजेड कागदावर उतरवेल त्याला गिऱ्हाईक होतं. टॅव्हर्नियरनं तैलरंगात उतरवला, पेस्टलमध्ये उतरवला, चंद्रासकट आणि चंद्राशिवाय उतरवला, एक सुमारे नव्वद फूट लांबीचा पॅनोरमासुद्धा केला. त्याच्या आणि जोसेफ स्ट्राँग, चार्ल्स फर्नो यांच्या चित्रांवरून ‘व्होल्कॅनो स्कूल’ असं नावच पडलं. हिलोचा तरुण डी. हॉवर्ड हिचकॉक त्याच्यामुळे चित्रकलेकडे वळला.

होनोलुलूच्या संग्रहालयातलं ‘व्होल्कॅनो ॲट नाइट’ बघा. काळा खडक, पेटलेली भेग, धूर. हात अजून तयार आहे, यात शंका नाही. काळोखातून उजेड काढण्याचं क्लिअर लेकचंच कसब. पण ज्या गोष्टीमुळे तो बिअरश्टाटपेक्षा वेगळा होता ती गेली. माणसं एक तर नाहीत, असली तर टिंबाएवढी, आणि तीही बघायला आलेली. हवाईच्या लोकांसाठी किलाउएआ हे पेले देवीचं घर. त्या घरात राहणारी, येणारी, नैवेद्य ठेवणारी माणसं या चित्रांत जवळजवळ दिसत नाहीत. क्लिअर लेकला जो आत शिरला होता तो इथं कड्यावर उभा राहून खाली बघतो. गिऱ्हाइकाला ज्वालामुखी हवा होता, त्यानं ज्वालामुखी दिला.

याला त्याची घसरण म्हणून स्वभावाच्या खात्यावर टाकणं सोपं आहे. दारू वाढली होती हे खरंच, त्यातच तो गेला. कर्जामुळे बेट सोडून जाण्याची सोय राहिली नव्हती, असं सांगतात. पण चित्रांच्या बाजूनं पाहिलं तर मला वेगळं दिसतं. हार्पर्सच्या वेळी मागणी माणसांची होती, पॅरटच्या वेळी मागणी एका प्रसंगाची होती, हवाईत मागणी आठवणीच्या वस्तूची होती. तिन्ही वेळा त्यानं मागणीप्रमाणे माल दिला. फक्त मधल्या वेळी, एकदाच, मागणीपेक्षा जास्त दिला. का, ते पत्रांत किंवा आठवणींत शोधायचं तर शोधा; मला ते त्या दोन वर्षांत दिसतं. शंभर चेहरे रंगवायला माणसांकडे बराच वेळ बघावं लागतं. बोहेमियन क्लबच्या मित्रांनी त्याच्या थडग्यावर दगड बसवला तो होनोलुलूच्या ओआहू दफनभूमीत आहे.

डी यंगमधल्या त्या प्रदर्शनाची एक गोष्ट मात्र मनापासून आवडली. चित्राभोवती पोमो बायका-पुरुषांनी विणलेल्या टोपल्या मांडल्या होत्या, टॅव्हर्नियरच्या काळातल्या आणि आजच्याही. पोमो टोपल्यांची वीण इतकी घट्ट असते की काहींत पाणी ठरतं. काहींवर पक्ष्यांची पिसं विणीतच गुंफलेली असतात. चित्रातल्या नाचणाऱ्यांच्या अंगावरचा पिसांचा साज आणि समोरच्या काचेतल्या टोपल्यांवरची पिसं आळीपाळीनं बघता येत होती. प्रदर्शनाच्या कामात रॉबर्ट गिअरी यांचा सल्ला होता. ते एलेम पोमोंचे सांस्कृतिक नेते आहेत आणि नृत्याचा साज स्वतः बनवतात. टॅव्हर्नियरनं पिसं कशी बांधलेली दाखवली आहेत, हा त्यांच्यासाठी कलासमीक्षेचा मुद्दा नाही. तो कामाचा तपशील आहे. माझ्यासारखे लोक रचना आणि उजेड यावर तासभर बोलतील. त्या कॅनव्हासमधली आपली माणसं ओळखण्याचा हक्क असलेले लोक अजून त्याच तळ्याकाठी राहतात.

पॅरटची खाण १९५७ साली बंद पडली. तिचा खड्डा पाण्यानं भरला आहे. १९९०मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानं ती देशातल्या सगळ्यात विषारी जागांच्या यादीत घातली. एलेम वस्तीतून खाणीची टाकाऊ माती उकरून न्यावी लागली, आणि सफाई अजून संपलेली नाही. क्लिअर लेकमधला कोणता मासा आठवड्याला किती खावा याचा तक्ता कॅलिफोर्निया सरकार प्रसिद्ध करतं. त्यात मूल होण्याच्या वयातल्या बायका आणि लहान मुलं यांच्यासाठी वेगळा रकाना आहे.